माहितीचा मेळ आणि परदेशातील संशोधक

आजच्या विषयाचे नाव वाचून काही मंडळींच्या कपाळावर आठ्या पडल्या असतील. 'डेटा फ्यूजन' हे शब्द इंग्रजी, विषय विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतला, आणि ती प्रयोगशाळाही सातासमुद्रापलीकडची. दिवसभराचे ऊन सोसून संध्याकाळच्या वाऱ्यावर येऊन बसलेल्या श्रोत्यांपुढे हा विषय कशासाठी, असे कोणी विचारले तर तो प्रश्न रास्तच म्हणावा लागेल. आमचे त्यास उत्तर दोन भागांचे आहे. एक असे की, या शास्त्रावाचून आपला आजचा दिवस सरकत नाही. खिशातल्या मोबाइल फोनने दाखविलेला रस्ता आणि ढगांतून धावपट्टीवर उतरणारे विमान ही दोन्ही त्याचीच कामे आहेत. दुसरे असे की, आपल्याच पेठेतील, आळीतील, ओळखीच्या घरांतील मुलेमुली आज अशा कामांसाठी परदेशी विद्यापीठांत जात आहेत, आणि ती तेथे नेमके काय करतात हे त्यांच्या आईवडिलांनाही पुष्कळदा सांगता येत नाही. 'कॉम्प्युटरमधले काहीतरी आहे' एवढ्यावर वेळ मारून न्यावी लागते. ते 'काहीतरी' म्हणजे काय, आणि ते करणाऱ्याचे आयुष्य कसे असते, हे आज आपण पाहू.

डेटा फ्यूजन म्हणजे निरनिराळ्या ठिकाणांहून आलेल्या माहितीचा मेळ घालणे. एकाच गोष्टीबद्दल अनेक साक्षीदार बोलत आहेत. कोणाची नजर चांगली, कोणाची अधू. कोणी वेळेवर सांगतो, कोणी उशिरा. कोणी प्रत्यक्ष पाहिलेले सांगतो, तर कोणी ऐकीव. या सर्वांचे ऐकून सत्याच्या जास्तीत जास्त जवळ कसे जावे, आणि आपण किती जवळ गेलो हेही कसे सांगावे, याचे हे शास्त्र आहे. येथील साक्षीदार म्हणजे यंत्रे: रडार, कॅमेरा, दाबमापक, होकायंत्र, उपग्रहांचे संदेश. परंतु न्यायाधीशाला जे प्रश्न पडतात तेच येथेही पडतात.

एक जुने उदाहरण घेऊ. १९४० साली जर्मन विमाने इंग्लंडवर चालून येत होती, तेव्हा इंग्लंडच्या किनाऱ्यावर रडारची केंद्रे उभी होती. त्या काळच्या रडारला शत्रूचे अंतर बऱ्यापैकी अचूक कळे, पण दिशा कच्ची कळे. एकाच तुकडीची वार्ता दोन-तीन केंद्रांकडून येई आणि ती जुळत नसे. म्हणून लंडनजवळ बेंटली प्रायरी येथे एक दालन उभारले होते. त्याचे नावच 'फिल्टर रूम', म्हणजे गाळणीची खोली. तेथे मोठ्या नकाशाभोवती बसलेल्या माणसांत हवाई दलातील तरुण स्त्रिया पुष्कळ होत्या. एका केंद्राने सांगितलेल्या अंतराचा एक कंस नकाशावर काढावयाचा, दुसऱ्या केंद्राच्या अंतराचा दुसरा. दोन्ही कंस जेथे छेदतात तेथे विमाने. दोघांची दिशा कच्ची असली तरी दोघांच्या पक्क्या अंतरांतून पक्की जागा निघाली. जे एकाही साक्षीदाराला ठाऊक नव्हते ते दोघांच्या मेळातून कळले. या शास्त्राचे सारे सामर्थ्य या एका युक्तीत आहे.

आता थोडे गणित करू. घाबरण्याचे कारण नाही, किराणा दुकानाच्या हिशेबाहून ते अवघड नाही. समजा, एक यंत्र सांगते की समोरचे जहाज १००० मीटरांवर आहे, आणि त्याची नेहमीची चूक १० मीटरांची आहे. दुसरे यंत्र सांगते की ते १०३० मीटरांवर आहे. त्याची चूक मात्र २० मीटरांची. आपण काय मानावे? सरासरी काढून १०१५ म्हणावे, तर चांगल्या साक्षीदारावर अन्याय होतो. दुसऱ्याला बाद करून १००० म्हणावे, तर हाती आलेली माहिती आपण फेकून दिली. नियम असा आहे की, ज्याची चूक दुप्पट, त्याचे वजन चौथाई. म्हणजे पहिल्यास चार मते, दुसऱ्यास एक. उत्तर येते १००६ मीटर. याहून महत्त्वाचे म्हणजे या उत्तराची चूक सुमारे ९ मीटर भरते. उत्तम यंत्राच्या चुकीपेक्षाही कमी! अधू नजरेचा साक्षीदारसुद्धा, त्याचे वजन नीट ठरविले तर, चांगल्या साक्षीदाराला मदतच करतो.

परंतु या हिशेबाला दोन अटी आहेत, आणि संशोधकाचे आयुष्य या दोन अटींपायी खर्ची पडते.

पहिली अट अशी की साक्षीदार एकाच बाजूला झुकलेला नसावा. पारड्याच्या बुडाला चिंच चिकटलेली असेल, तर त्याच तराजूत माल शंभरदा तोलूनही वजन खरे कळावयाचे नाही. शंभर मापांची सरासरी काढल्याने चुळबुळणारी चूक कमी होते. झुकलेली चूक जशीच्या तशी राहते, उलट तिच्यावरचा आपला विश्वास मात्र वाढतो.

दुसरी अट अशी की साक्षीदार एकमेकांपासून स्वतंत्र असावेत. वरच्याच उदाहरणात दुसऱ्या यंत्राने स्वतः काहीच न पाहता पहिल्याचाच आकडा पुन्हा सांगितला असता, तर? आपल्याला ठाऊक नसल्यामुळे आपण दोन साक्षी धरणार, आणि १० मीटरांची चूक ७ मीटरांवर आली असे कागदावर लिहिणार. वस्तुतः ती १० मीटरच आहे. माहिती तीळभर वाढली नाही, खात्री तेवढी वाढली. गावात एखादी वावडी उठते, ती चार तोंडांतून आपल्यापर्यंत येते आणि आपण म्हणतो, 'चौघांनी सांगितले, म्हणजे खरेच असणार.' ते चौघेही एकाच ओट्यावर बसले होते, हे आपण विचारीत नाही. यंत्रांच्या जाळ्यात नेमके असेच घडते. एका जहाजाने दुसऱ्यास सांगितलेली वार्ता फिरून पहिल्याकडेच येते आणि नवी म्हणून मोजली जाते. साक्षीदार किती स्वतंत्र आहेत हे ठाऊकच नसेल तर काय करावे, यावर सायमन ज्युलियर व जेफ्री उलमान यांनी १९९७ साली एक पद्धत सुचविली. तिचे सार असे की, अशा वेळी मेळ घालावा, पण मिळालेली खात्री जपून, हात राखून सांगावी. पंडिताला शोभणारा हा विनय त्यांनी समीकरणात बसविला.

आणि साक्ष घेण्यातच हयगय झाली तर काय होते? २९ ऑक्टोबर २०१८ रोजी इंडोनेशियात आणि १० मार्च २०१९ रोजी इथिओपियात बोइंग ७३७ मॅक्स या जातीची दोन विमाने कोसळली. पहिल्यात १८९ व दुसऱ्यात १५७ माणसे मृत्यू पावली. विमानाचे नाक वाऱ्याशी किती कोन करून वर उचललेले आहे हे सांगणारे मापक त्या विमानाला दोन होते, दोन बाजूंस एकेक. पण विमानाचे नाक आपोआप खाली दाबणारी जी यंत्रणा होती, ती एका वेळी त्यांपैकी एकाचेच ऐकत असे. त्या एकाने चुकीचे सांगितले. दुसरा शेजारीच होता, पण त्याला कोणी विचारले नाही. साक्षींचा मेळ ही निव्वळ पंडिती करमणूक नव्हे, हे दाखविण्यास एवढे पुरे.

या शास्त्रातील सर्वांत प्रसिद्ध साधन म्हणजे 'काल्मन फिल्टर'. रुडॉल्फ काल्मन यांचा जन्म १९३० साली हंगेरीत बुडापेस्टला झाला. १९४३ साली महायुद्धाच्या धामधुमीत ते अमेरिकेस गेले. १९६० साली त्यांनी जो निबंध प्रसिद्ध केला तो नासाच्या एम्स केंद्रातील स्टॅन्ली श्मिट यांनी उचलला, आणि चंद्राकडे जाणाऱ्या अपोलो यानाच्या मार्गनिर्णयात त्याचा उपयोग झाला. त्यातील कल्पना गृहिणीच्या ओळखीची आहे. मुलगा चारच्या एस. टी.ने निघाला, म्हणजे पाचपर्यंत अमुक गावी पोहोचेल, हा अंदाज. पाच वाजता त्याचा फोन येतो की गाडी अजून अलीकडेच आहे, ही साक्ष. मग आई त्याची घरी येण्याची वेळ थोडी पुढे ढकलते, ही दुरुस्ती. अंदाज, साक्ष, दुरुस्ती; पुन्हा अंदाज. काल्मन यांनी दाखविले ते एवढेच की, दर वेळी दुरुस्ती किती करावी, अंदाजावर किती विसंबावे व साक्षीवर किती, याचे अचूक माप काढता येते.

आता हे काम जेथे चालते अशा एका गावी आपण जाऊ. स्वीडनमध्ये स्टॉकहोमच्या नैर्ऋत्येस सुमारे २०० किलोमीटरांवर एक गाव आहे. लिहिताना ते लिंकोपिंग असे दिसते, बोलताना लिंशोपिंग म्हणतात. तेथील विद्यापीठाला १९७५ साली विद्यापीठाचा दर्जा मिळाला. म्हणजे युरोपच्या मानाने ते अगदी तरुण. तरीही साक्षींचा मेळ घालण्याच्या शास्त्रात त्याचे नाव जगभर आहे, आणि २०२२ साली या विषयाची जागतिक परिषद तेथेच भरली होती. याचे एक कारण त्या गावातच आहे. साब कंपनीचा विमानांचा कारखाना तेथे आहे आणि ग्रिपेन हे लढाऊ विमान तेथे बांधले जाते.

विमानाने उपग्रहांची मदत न घेता आपली जागा कशी ओळखावी, या प्रश्नावर तेथे झालेले काम पाहण्याजोगे आहे. विमानाला आपली समुद्रसपाटीपासूनची उंची दाबमापकावरून कळते, आणि खालच्या जमिनीपासूनची उंची रडारने कळते. पहिलीतून दुसरी वजा केली की खालची जमीन किती उंच आहे ते निघते. पण नकाशावर तेवढ्या उंचीच्या जागा हजारो असणार! मग संगणक हजारो अंदाज मांडतो: विमान येथे असेल, किंवा तेथे, किंवा पलीकडे. विमान पुढे जाते तसे प्रत्येक अंदाजही नकाशावर पुढे सरकविला जातो. ज्याच्या खालची जमीन मापाशी जुळत नाही तो गळतो. जुळतात ते टिकतात, आणि त्यांच्या आसपास नवे अंदाज पेरले जातात. काही वेळाने उरलेले सारे अंदाज एका जागी गोळा होतात, तेथे विमान. ही पद्धत १९९३ साली गॉर्डन, सामंड व स्मिथ यांच्या निबंधाने पुढे आली.

आपल्यापैकी अनेकांनी ही पद्धत नकळत वापरली आहे. रात्रीच्या एस. टी.ने पुण्याहून साताऱ्यास निघालो, डोळे मिटलेले आहेत. तरी गाडी वळणे घेत चढू लागली की खंबाटकीचा घाट आला हे कळते. सपाटीवर मात्र काही कळत नाही. तेथे शिरवळ काय अन् दुसरे गाव काय, सारखेच. विमानाचेही तसेच. सपाट मैदानावर किंवा समुद्रावर ही युक्ती लंगडी पडते, कारण तेथे जमीन काही सांगतच नाही. साक्षीदार मुका असेल तर न्यायाधीश कितीही हुशार असो, त्याचा इलाज चालत नाही.

साक्षींतून जास्तीत जास्त किती निघू शकेल याची जी सीमा आहे, तिचे नाव या विषयाच्या विद्यार्थ्याला शिकवितात. ते नाव आहे 'क्रामेर-राव सीमा'. यांतील क्रामेर हे स्वीडिश, आणि राव म्हणजे आपले सी. आर. राव. त्यांनी तो निबंध १९४५ साली कलकत्त्यास असताना प्रसिद्ध केला, तेव्हा त्यांचे वय पंचविशीच्या आसपास होते. पुढे १९४६ साली ते केंब्रिजला गेले. तेथील वस्तुसंग्रहालयात सुदानमधील जेबेल मोया येथे सापडलेले प्राचीन सांगाडे होते. त्यांच्या मापांचा अभ्यास करण्याचे काम त्यांच्याकडे होते. ते काम करता करता त्यांनी पीएच.डी. मिळविली आणि ते परत आले. २०२३ साली वयाच्या १०२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

ते सांगाडे मोजण्याची फूटपट्टीही भारतीयच होती. प्रशांतचंद्र महालनोबिस केंब्रिजला पदार्थविज्ञान शिकून १९१५ साली परत निघाले, तेव्हा महायुद्धामुळे प्रवास लांबला. त्या रिकाम्या वेळात 'बायोमेट्रिका' या संख्याशास्त्राच्या नियतकालिकाशी त्यांची गाठ पडली, आणि त्याचे अंक विकत घेऊन ते मायदेशी आले. १९३१ साली त्यांनी कलकत्त्यास भारतीय सांख्यिकी संस्था काढली आणि १९३६ साली आज 'महालनोबिस अंतर' म्हणून ओळखले जाणारे माप मांडले. त्यातला विचार सोपा आहे. एस. टी. वीस मिनिटे उशिरा आली तर कोणी दचकत नाही. आकाशवाणीच्या बातम्या वीस मिनिटे उशिरा लागल्या तर काहीतरी मोठे बिघडले असे आपण समजतो. मिनिटे तीच, पण एकाची नेहमीची चूक मोठी व दुसऱ्याची नगण्य; म्हणून एक फरक जवळचा ठरतो, दुसरा फार दूरचा. रडारवर उमटलेला ठिपका या विमानाचा की त्या विमानाचा, हे आज जगभर याच मापाने ठरवितात.

आपल्या महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर कोल्हापूरचे वसंत शंकर हुजूरबाजार यांचे नाव घ्यावयास हवे. केंब्रिजला हॅरॉल्ड जेफ्रीज यांच्या हाताखाली त्यांनी संशोधन केले. जुन्या समजुतीत नव्या पुराव्याने किती बदल करावा, याचे तर्कशास्त्र उभारणाऱ्यांत जेफ्रीज अग्रेसर होते, आणि माहितीच्या मेळाचा पाया तोच आहे. हुजूरबाजार परत आले, आणि १९५३ साली पुणे विद्यापीठात गणित व संख्याशास्त्राचा विभाग त्यांच्या प्रमुखपदाखाली सुरू झाला. तेव्हा आपली मुले तेथे जाऊन जे शिकतात त्यातले काही मूळचे येथले आहे, हे त्यांस व आपणांस ठाऊक असावे.

आता आजच्या संशोधकाच्या दिवसाकडे वळू. पुष्कळांची समजूत अशी की, संशोधक म्हणजे नवनवीन समीकरणे काढणारा माणूस. प्रत्यक्षात त्याचा बराच वेळ दोन यंत्रांची घड्याळे जुळविण्यात जातो. ताशी ७२ किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात २० मीटर जाते. कॅमेऱ्याचे घड्याळ रडारच्या घड्याळाहून सेकंदाच्या दहाव्या भागाने मागे असेल, तर एकच मोटार दोन ठिकाणी दिसते. त्यांत अंतर दोन मीटर. रस्ता ओलांडणारे मूल त्या दोन मीटरांत असू शकते. म्हणून हिशेब, पुन्हा माप, पुन्हा हिशेब. या कामात कीर्ती नाही. पण त्यावाचून पुढचे सारे व्यर्थ.

स्वीडनमध्ये पीएच.डी. करणारा बहुधा विद्यापीठाचा पगारी नोकर असतो. जागेची जाहिरात निघते, अर्ज होतात, मुलाखती होतात. पीएच.डी.साठी शिक्षणशुल्क नाही, मग विद्यार्थी कोणत्याही देशाचा असो. मुदत चार वर्षांच्या पूर्णवेळ अभ्यासाची. त्याबरोबर शिकविण्याचे वगैरे काम दिले तर ती पाच वर्षांपर्यंत जाते. एम. एस्सी. सारख्या पदव्यांचे मात्र तसे नाही. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्यांना २०११ सालच्या शरद ऋतूपासून त्यांसाठी शुल्क भरावे लागते. हा भेद ध्यानात ठेवावा, कारण कर्ज काढणारे घर बहुधा या दुसऱ्या वाटेवर असते.

तेथे गेलेल्या आपल्या विद्यार्थ्याला सर्वांत अवघड जाते ते थंडी सोसणे नव्हे. डिसेंबरात दिवस सहा तासांवर येतो, त्याचीही सवय होते. अवघड जाते ते गुरूला 'तुमचे हे चुकते आहे' असे म्हणणे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस स्वीडनमध्ये आदरार्थी संबोधने मागे पडली. तेव्हापासून प्राध्यापकालाही एकेरी 'दू' म्हणतात व नावाने हाक मारतात. आपल्याकडून गेलेला मुलगा 'सर' म्हणणे सोडतो, पण मनातले 'सर' जावयास वर्ष-दोन वर्षे लागतात. येथे पुन्हा ती स्वातंत्र्याची अट आठवावी. जो विद्यार्थी गुरूचेच मत फिरवून सांगतो, तो त्या खोलीतला दुसरा साक्षीदार नव्हे. पहिल्याचीच ती प्रत आहे. गुरूला त्याच्यापासून काही मिळत नाही. मान राखून वेगळे बोलणे ही त्या नोकरीतली खरी सेवा आहे, आणि तीसाठीच त्याला पगार मिळतो.

परीक्षेची रीतही याच तत्त्वाची आहे. प्रबंध छापून झाला की समारंभाने, खरोखरीच्या हातोडीने, खिळा ठोकून तो विद्यापीठाच्या फळीवर लावतात. आपल्याकडच्या दवंडीसारखा हा प्रकार आहे: या, वाचा, दोष काढा. त्यानंतर काही आठवड्यांनी जाहीर सभेत बाहेरून बोलाविलेला पंडित प्रतिपक्षी म्हणून उभा राहतो आणि तास-दोन तास प्रबंधाची चिकित्सा करतो. सभेस कोणीही येऊन बसावे. गावातली माणसे, मित्र, कधी भारतातून आलेले आईवडीलही असतात. शब्द कळत नसले तरी मुलगी डगमगली नाही एवढे त्यांना कळते.

परंतु या चित्राला दुसरी बाजू आहे, आणि ती झाकून ठेवणे आमच्या विषयाशीच बेइमानी होईल. पीएच.डी. नंतरच्या जागा बहुधा दोन-तीन वर्षांच्या मुदतीच्या असतात. मुदतीची नोकरी आणि देशात राहण्याचा परवाना यांची गाठ पक्की असते. २०१४ सालच्या नियमाने स्वीडनमध्ये चार वर्षे पीएच.डी. करणाऱ्यास कायम वास्तव्य मिळण्याची वाट सोपी झाली होती. जुलै २०२१ मध्ये कायदा बदलला. पुढे किमान दीड वर्ष टिकेल असे उत्पन्न दाखविण्याची अट आली. ज्यांनी जुना नियम धरून आयुष्याचा आराखडा आखला, लग्ने केली, मुले तेथल्या शाळेत घातली, त्यांच्या पायांखालची जमीन एका कायद्याने हलली. नियम पुढेही बदलू शकतील. म्हणून पाच वर्षांपूर्वी गेलेल्याचा अनुभव हा पाच वर्षांपूर्वीची साक्ष म्हणून घ्यावा.

दुसरा प्रश्न अधिक खोल आहे: हे काम कोणासाठी? ज्या समीकरणाने विमान आपली जागा ओळखते, त्याच समीकरणाने क्षेपणास्त्र आपले लक्ष्य ओळखते. या शास्त्राचा जन्म युद्धात झाला, आणि आजही त्याला मिळणाऱ्या पैशाचा मोठा वाटा संरक्षणखात्यांकडून येतो. संरक्षणाशी निगडित काही प्रकल्पांत परकीय नागरिकाला शिरकावच नसतो; तो प्रश्न त्याच्यापुरता परस्पर सुटतो. पण इतर ठिकाणी त्याला स्वतःला ठरवावे लागते. वाटा दोन्ही आहेत. त्याच लिंशोपिंगच्या विद्यापीठाने केनियाच्या वन्यजीव खात्याबरोबर त्साव्हो पश्चिम या राष्ट्रीय उद्यानातील न्गुलिया येथे काळ्या गेंड्यांच्या रक्षणाचे काम हाती घेतले आहे. शिंगांसाठी गेंडे मारणाऱ्या चोरट्यांना रोखण्यास वनरक्षकांच्या नोंदी व निरनिराळ्या यंत्रांची माहिती यांचा मेळ तेथे घातला जातो. शास्त्र तेच, साक्षी तशाच. रक्षण कोणाचे, एवढाच फरक. नोकरीचे पत्र हाती आल्यावर पगाराचा आकडा पाहतो, तसे पैसा कोठून येतो हेही पाहावे. तो प्रश्न पहिल्या दिवशी विचारणे सोपे असते, तिसऱ्या वर्षी जड जाते.

आता शेवटचा मुद्दा, जो येथे बसलेल्या आईवडिलांसाठी आहे. मुलाला परदेशी पाठवावे की नाही, हा निर्णय आपण कोणत्या साक्षींवर घेतो? प्रवेश मिळवून देणारा मध्यस्थ सांगतो, उत्तम आहे. विद्यापीठाचे माहितीपत्रक सांगते, उत्तम आहे. शेजाऱ्यांचा मुलगा गेला, त्याचे घरचे सांगतात, उत्तम आहे. तीन साक्षी झाल्या, असे आपणांस वाटते. पण मध्यस्थाने माहितीपत्रकच वाचलेले असते, आणि शेजाऱ्यांच्या मुलाला त्याच मध्यस्थाने पाठविलेले असते. हिशेब केला तर साक्ष एकच, आणि तिच्या पारड्याला चिंच चिकटलेली. शिवाय ज्यांचे तेथे जमले त्यांचीच वार्ता गावात येते. जो दोन वर्षांत परत आला तो त्याबद्दल बोलत नाही, आणि आपणही संकोचाने विचारीत नाही. वास्तविक त्याचीच साक्ष सर्वांत स्वतंत्र. तिला वजन अधिक द्यावयास हवे.

म्हणून जाण्यापूर्वी नेमणुकीचे पत्र स्वतः वाचावे. परवान्याचा नियम त्या देशाच्या सरकारच्या पानावर, त्या महिन्यातला पाहावा. ज्या प्राध्यापकाकडे जावयाचे, त्याच्या हाताखालून गेलेल्या दोघा-तिघांना पत्र लिहावे, त्यांत मधेच सोडून गेलेला एक असावा. पीएच.डी.च्या जागेसाठी कोणी पैसे मागत असेल, तर त्याला नमस्कार करून दार लावून घ्यावे.

मुलगा किंवा मुलगी तिकडे गेल्यावरही हा हिशेब संपत नाही. रविवारी फोन येतो. उन्हाळ्यात साडेतीन तासांचे, हिवाळ्यात साडेचार तासांचे अंतर. आपली रात्रीची जेवणे झालेली असतात, तिकडे अजून दुपार किंवा संध्याकाळ. 'कसं आहे रे सगळं?' 'छान आहे, आई.' 'आणि तुमचं?' 'आमचं काय, मजेत.' तिकडे प्रयोग तीन महिने बसत नाही हे तो सांगत नाही, कारण आई काळजी करील. इकडे बाबांच्या छातीचा आलेख काढला हे आई सांगत नाही, कारण तो काम सोडून धावत येईल. दोन्ही टोकांची मापके मायेने एकाच बाजूला झुकलेली. अशा फोनांची वर्षभर सरासरी काढली तरी उत्तर 'छान' असेच येणार, आणि एक दिवस ते उत्तर चुकल्याचे एकदम कळणार.

यावर आम्हांस सुचणारा उपाय साधा आहे. 'कसं आहे' हा प्रश्न सोडून मोजता येईल असे काही विचारावे. काल रात्री किती वाजता घरी आलास? आज कोणाबरोबर जेवलीस? परवान्याची तारीख कोणती? आणि त्याने विचारल्यावर आपणही औषधाचे नाव व डॉक्टर काय म्हणाले ते सांगावे. तो इतरांच्या साक्षींचा मेळ घालण्यात वाकबगार झालेला आहे. आपल्या घरची खरी साक्ष त्याच्यापासून राखून ठेवू नये. परत यावे की तेथेच राहावे, हे ज्याचे त्याने ठरवावयाचे. पण ते ठरविताना दोन्ही बाजूंची खरी मापे त्याच्यासमोर असली पाहिजेत, एवढे तरी आपण करू शकतो.